कारखान्याला नेमका कसला माणूस हवाय? आयटीआयच्या निदेशकांसाठी

प्रवेशाचे दिवस जवळ आले की प्रत्येक आयटीआयमध्ये एक बैठक होते. मागच्या वर्षी कोणत्या ट्रेडच्या जागा पहिल्याच फेरीत भरल्या, कोणत्या शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या राहिल्या, याचा तक्ता समोर येतो. त्यावरून कोणता ट्रेड 'चालतो' हे ठरतं. इलेक्ट्रिशियन लगेच भरतो. फाउंड्रीमनसाठी मुलं शोधायला गावोगाव जावं लागतं, तेही कोल्हापुरात, जिथं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींमध्ये कास्टिंगचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचं, काम पिढ्यांपासून चालू आहे.

हा तक्ता पालकांची पसंती सांगतो. मुलाला दोन वर्षांनी काम लागेल का, लागलं तर टिकेल का, हातात किती पडतील, यातलं काहीच तो सांगत नाही. ते शोधायची रीत वेगळी आहे आणि ती निदेशकालाच करावी लागते. मी मशिनिस्ट ट्रेड शिकवत आले, आता गटनिदेशक आहे. माझ्या भागात मी हे काम कसं करते ते इथं लिहिते आहे. तुमचा भाग वाळूजचा असेल, बुटीबोरीचा असेल, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचा असेल, तर यंत्रं बदलतील, पण प्रश्न बहुतेक हेच राहतील.

आधी टंचाई कसली आहे ते ओळखा

"मॅडम, माणूस गावत न्हाई" हे वाक्य मालकांकडून तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं असतं, पण त्यामागची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येक कारणावर शिक्षण हा उपाय नसतो. ते न तपासता अभ्यासक्रमाला हात लावू नका.

एक टंचाई खरोखर कौशल्याची असते. पगार बरा आहे, माणसं अर्ज करतात, मुलाखतीला येतात, पण ड्रॉइंग वाचता येत नाही किंवा बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) हातात धरता येत नाही म्हणून परत जातात. इथं आपलं काम आहे.

दुसरी टंचाई पगाराची आणि कामाच्या परिस्थितीची असते. फेटलिंगचं काम बघा. कास्टिंग गार झाल्यावर त्याच्या कडांना राहिलेलं जादा लोखंड ग्राइंडरनं काढायचं असतं. धूळ, आवाज, उष्णता, आणि बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडून मिळणारी मजुरी. हे काम आज बहुतांश परराज्यातून आलेली माणसं करतात. स्थानिक मुलं येत नाहीत याचं कारण त्यांना ग्राइंडर चालवता येत नाही हे नव्हे. अशा ठिकाणी फेटलिंगचा अल्पमुदतीचा कोर्स काढला तर वर्ग भरेल, प्रमाणपत्रं वाटली जातील आणि महिनाभरानं सगळी मुलं दुसरीकडे गेलेली असतील. मालकाला हे स्पष्ट सांगायचं धैर्य निदेशकाकडे हवं: धूळ ओढणारी यंत्रणा बसवा, दर सुधारा, मग आम्ही मुलं पाठवतो.

तिसरी टंचाई गळतीची. वर्षभर त्याच जागेसाठी माणसं घेतली जातात आणि वर्षभर ती जागा रिकामीच दिसते. तीच जागा मोजणीत पाच वेळा येते.

यातलं कोणतं कारण आहे हे ओळखायला मी मालकाला साधे प्रश्न विचारते. ही जागा किती दिवस रिकामी आहे? शेवटी कुणाला घेतलं, आणि तो कुठून आला? मागच्या वर्षात किती जण सोडून गेले, आणि कुठे गेले? महिन्याला दोन हजार वाढवले तर माणूस मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर "मिळेल की" असं उत्तर आलं तर ती टंचाई कौशल्याची नाही. "पाच हजार वाढवले तरी मिळायचा नाही, कुणाला येतच नाही" असं उत्तर आलं, तर वही उघडा.

ऑफिसात बसू नका, शिफ्ट बदलताना जा

एचआर विभागाला प्रश्नावली पाठवली तर छापील उत्तर येतं: संवादकौशल्य हवं, शिस्त हवी, टीमवर्क हवं. त्यावरून एकही प्रात्यक्षिक ठरवता येत नाही. ज्याला रोज त्या माणसाकडून काम करून घ्यावं लागतं, त्याला भेटा. शिफ्ट सुपरवायझर, सेटर (मशीन जुळवून देणारा), क्वालिटीत बसलेला माणूस आणि मेंटेनन्सचा माणूस, हे चौघे जे सांगतात ते एचआरच्या कागदावर कधी येत नाही.

वेळ निवडताना महिनाअखेर टाळा. डिस्पॅचची घाई असते, कुणी धड बोलत नाही. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, शिफ्ट बदलण्याच्या अर्धा तास आधी पोचलात तर जाणारे आणि येणारे दोन्ही सुपरवायझर भेटतात.

पोचल्यावर आधी रिजेक्शनचा रॅक बघायला मागा. लाल रंग मारून बाजूला ठेवलेले, तपासणीत नापास झालेले जॉब म्हणजे त्या कारखान्याची खरी मागणी. एकेक जॉब उचलून विचारा: हा का गेला? "बोअर दोन सौ ने (मिलिमीटरच्या दोन शतांशांनी) मोठा झाला." का झाला? "इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) घासला होता, ऑपरेटरनं ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) दिला नाही." मग त्याला ऑफसेट द्यायला सांगितलं होतं का, की सेटरशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे? दहा मिनिटांत तुम्हाला कळतं की इथं शिकवायची गोष्ट कोणती आहे आणि कारखान्यानं स्वतः सुधारायची गोष्ट कोणती.

मोठे कारखाने आणि उद्यमनगरातली जॉबवर्कची छोटी दुकानं यांची गरज वेगळी असते, हे विसरू नका. मोठ्या कारखान्यात मुलगा एका व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) एकच जॉब महिनोन्‌महिने लावतो. तिथं मोजमापाची सवय, कंट्रोल प्लॅन (कोणतं माप कधी तपासायचं याचा तक्ता) वाचणं, फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणजे काय हे कळणं महत्त्वाचं, कारण वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ या मानकाप्रमाणे कागद ठेवावे लागतात. छोट्या दुकानात तोच मुलगा सकाळी लेथवर, दुपारी ड्रिलवर आणि संध्याकाळी वेल्डिंगला असतो, मालकाला हाताखाली सगळं येणारा माणूस हवा असतो. दोघांपैकी एकालाच विचारून आलात तर अर्धीच गोष्ट कळेल, आणि मोठ्या कारखान्याचं ऐकणं सोपं असल्यामुळे बहुतेक वेळा छोट्यांची राहून जाते.

आणखी दोन माणसं आवर्जून गाठा. एक, मशीन विकणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. पुढच्या सहा-आठ महिन्यांत कुठं कसली मशिनं उतरणार आहेत, कंट्रोल फानुकचा आहे की सिमेन्सचा, चौथा अ‍ॅक्सिस लागतोय का, हे त्याच्याइतकं आधी कुणालाच माहीत नसतं. दुसरा, कटिंग टूलचा विक्रेता. कोणत्या इन्सर्टची विक्री वाढली यावरून कसलं काम वाढलंय ते तो सहज सांगतो. नोकरीची जाहिरात यायच्या कितीतरी आधी मागणीचा वास या दोघांना लागलेला असतो.

सरकारी आकडे कुठवर उपयोगी

आकडे टाकून देऊ नका, पण त्यांच्याकडून त्यांच्या आवाक्याबाहेरचं काही मागूही नका. २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून राज्याचं चित्र कळतं, शिरोलीत किती सेटर लागतील ते कळत नाही. १९५९ च्या रिक्त पदे अधिसूचित करण्याच्या कायद्यानुसार २५ किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापना ईआर-१ हे तिमाही विवरणपत्र भरत आल्या आहेत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन आपल्या भागातली संख्या कुठं वाढली, कुठं घटली एवढं विचारा. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर कोणत्या आस्थापनेनं कोणत्या ट्रेडच्या किती जागा टाकल्या ते दिसतं. माझ्या मते स्थानिक पातळीवरचा हा सगळ्यात कामाचा आकडा आहे, कारण त्यामागे विद्यावेतन द्यायची तयारी असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कौशल्य समितीत हे आकडे घेऊन बसलात तर तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

नावांचा घोळ मात्र आधी सोडवा. एकाच कामाला एक कारखाना 'ऑपरेटर' म्हणतो, दुसरा 'टर्नर', तिसरा 'ट्रेनी' आणि ठेकेदार 'हेल्पर'. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये धातूकामाच्या यंत्रांवरचे सेटर आणि ऑपरेटर ७२२३ या गटात येतात, मोल्डर आणि कोअर बनवणारे ७२११ मध्ये. वहीत प्रत्येक जागेपुढे हा गट लिहिलात तर बेरीज करता येते. नाहीतर आपण नावं मोजत बसतो.

काम सुटं करून अभ्यासक्रमाशेजारी ठेवा

आता मुख्य काम. ज्या जागेची मागणी खरी वाटली, तिथला माणूस एका शिफ्टमध्ये काय काय करतो ते क्रमानं लिहा. व्हीएमसी ऑपरेटरचं उदाहरण घ्या: ड्रॉइंगवरून जॉब ओळखणं, फिक्श्चर साफ करून जॉब बसवणं, क्लॅम्प आवळणं, जी ५४ चा वर्क ऑफसेट (जॉबचा शून्यबिंदू कुठं आहे हे मशीनला सांगणारी नोंद) तपासणं, टूलची लांबी घेणं, पहिला जॉब काढून क्वालिटीला दाखवणं, ठरावीक जॉबनंतर माप घेऊन नोंद करणं, इन्सर्ट कधी बदलायचा ते ओळखणं, अलार्म आला तर काय वाचायचं आणि कुणाला हाक मारायची ते ठरवणं. सुरुवातीला कच्ची यादी हवी असेल तर कॅपिटल गुड्ससारख्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांनी व्यावसायिक मानकं लिहून ठेवली आहेत, ती घ्या आणि कारखान्यात जाऊन खोडा, वाढवा.

ही यादी अभ्यासक्रमातल्या प्रात्यक्षिकांशेजारी ठेवा आणि तीन रकाने करा. पहिल्यात जे आपण शिकवतो आणि मुलांना खरंच येतं ते. दुसऱ्यात जे अभ्यासक्रमात आहे, जर्नलमध्ये लिहिलेलं आहे, पण हातानं पुरेसं झालेलं नाही. तिसऱ्यात जे अभ्यासक्रमातच नाही. लोकांना वाटतं की तिसरा रकाना मोठा निघेल, अभ्यासक्रम जुना आहे म्हणून मुलं कमी पडतात. मी जेव्हा जेव्हा हे केलं तेव्हा दुसरा रकाना लांबलचक निघाला. मशीन बंद होतं, इन्सर्ट संपले होते, वीस मुलांत एक मायक्रोमीटर होता. यासाठी दिल्लीहून नवा अभ्यासक्रम यायची वाट बघायची गरज नसते.

एक गोष्ट विस्तारानं सांगते, कारण कोल्हापूर भागात तीच सगळ्यात जास्त नडते. आपण मुलांना शिकवतो माइल्ड स्टीलच्या गोल रॉडवर आणि पट्टीवर. कारखान्यात त्यांच्या हाती येतं कास्टिंग, एफजी २६० नाहीतर एसजी आयर्न, म्हणजे बिडाचेच प्रकार. रॉड आणि कास्टिंग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. रॉड मुळात गोल असतो, चकमध्ये धरला की झालं. कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत असतो, पहिलं माप कुठून घ्यायचं, जॉब कोणत्या तीन बिंदूंवर टेकवायचा, हे ठरवल्याशिवाय मशीन चालूच करता येत नाही. बाहेरच्या कडक कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात. पहिला कट तिच्या खालून गेला नाही तर टूलची धार त्या कातडीवर घासून मरते. स्टीलची चिप लांब सुटते, बिडाची भुकटी पडते, ती मशीनच्या स्लाइडवर साचते आणि श्वासात जाते. आणि दोन कट झाल्यावर आतून ब्लोहोल (ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी) उघडं पडतं, तेव्हा जॉब बाजूला ठेवायचा की पुढं चालू ठेवायचा, हा निर्णय वीस वर्षांच्या मुलाला काही सेकंदांत घ्यावा लागतो.

हे शिकवायला काय लागतं? रिजेक्ट झालेली कास्टिंग. फाउंड्रीत ती परत वितळवायला जातात, पण मागितली तर मालक टेम्पोभर देतात, फक्त आधी लेखी पत्र द्या आणि वापरून झाल्यावर भंगार परत करा, म्हणजे पुढच्या वर्षीही मिळतात. त्यावर मुलांना आधी फक्त मोजायला बसवा. मशीन नको. पृष्ठभाग समपातळीत आणणं, मार्किंग करणं, भिंतीची जाडी चारी बाजूंनी सारखी आहे का ते बघणं, दोष ओळखून नाव लिहिणं: ब्लोहोल, श्रिंकेज, कोल्ड शट, सँड ड्रॉप. मग मशीनवर. ज्या मुलानं रिजेक्ट कास्टिंगवर हात बसवला आहे, तो कारखान्यात पहिल्या दिवशी बावरत नाही, हे मला सुपरवायझरांनीच सांगितलं आहे.

अभ्यासक्रमात हात घालायला जागा कुठं आहे ते नीट पाहून घ्या. २०२२ पासूनच्या रचनेत वर्षाचे १२०० तास आहेत, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, आणि वेगळे १५० तास प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे किंवा गटप्रकल्पाचे. प्रात्यक्षिकाचं उद्दिष्ट ठरलेलं असतं, पण ते कोणत्या जॉबवर गाठायचं हे बऱ्याच अंशी निदेशक ठरवू शकतो. रोजगारक्षमता कौशल्यांच्या तासात बायोडाटा लिहायला लावण्यापेक्षा शिफ्ट हँडओव्हरची नोंद मराठीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायला लावा. १५० तासांत मुलांना कारखान्यात नुसतं उभं करू नका, आधी सुपरवायझरशी बसून आठ-दहा कामांची यादी ठरवा आणि प्रत्येक कामापुढे त्याची सही घ्या. ज्या कारखान्याशी चांगलं जमलं, तिथं दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचा करार करून दोन वर्षांच्या ट्रेडचा सहा महिने ते वर्षभराचा भाग तिथंच घेता येतो. पण आधी त्या कारखान्यातलं जेवण, सुरक्षा बूट, चष्मे, येण्याजाण्याची सोय हे स्वतः बघून या.

नवा ट्रेड मागण्याआधी चार वर्षं पुढचं बघा

कधीकधी तिसरा रकाना खरंच मोठा निघतो आणि नवा ट्रेड किंवा जादा तुकडी मागावीशी वाटते. जागा, वीजभार, यंत्रांची यादी, संलग्नता, निदेशकाचं पद, यात वर्ष सहज जातं. मग दोन वर्षांचा ट्रेड, मग वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप. म्हणजे आज दिसलेली गरज चार वर्षांनीही असायला हवी. मी स्वतःला विचारते: हे काम ज्या वस्तूसाठी होतं, ती वस्तू तेव्हा बनत असेल का? इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ही कास्टिंग इंजिनाच्या गाड्यांची आहेत. विजेच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही, मोटरचं हाउसिंग लागतं आणि ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर यांचं काम राहील. त्यामुळे एकाच प्रकारच्या जॉबवर बेतलेला ट्रेड मागू नका. पाया रुंद ठेवा आणि आजची निकड अल्पमुदतीच्या कोर्सनं भागवा. एका कंपनीच्या एकाच मशीनपुरतं शिकवलेला मुलगा त्या कंपनीच्या दयेवर राहतो, आणि आपली पहिली बांधिलकी मुलाशी आहे.

संख्या ठरवताना मागणीतून वजाबाकी करायला शिका. उदाहरणादाखल समजा, बारा कारखान्यांनी मिळून ६० व्हीएमसी ऑपरेटर मागितले. मालक आणि ठेकेदार दोघांनीही सांगितलेल्या त्याच त्या जागा १० निघाल्या, त्या वजा करा, ५० राहिल्या. पगार इतका कमी की मुलगा शेजारच्या वसाहतीत जाईल अशा १५ जागा, राहिल्या ३५. नाव ऑपरेटरचं पण काम माल उचलण्याचं अशा ८, राहिल्या २७. त्याच भागातल्या दुसऱ्या सरकारी आणि खासगी आयटीआयमधून, शिवाय याच जागेवर येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांतून दरवर्षी १२ भरतील, राहिल्या १५. निवृत्ती आणि बढतीमुळे दरवर्षी नव्यानं लागणारे ६ धरले तर २१. म्हणजे ६० ऐकून तीन तुकड्या मागणाऱ्यानं एकच मागायला हवी होती. डिप्लोमाची मुलं मोजायला बहुतेक जण विसरतात, आणि तिथंच आपल्या मुलांची जागा जाते.

मुलं कुठून येतात तेही या हिशेबात धरा. आमची बरीच मुलं पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडून एसटीनं येतात. दुसरी शिफ्ट रात्री सुटते तेव्हा गावाची शेवटची गाडी गेलेली असते. अशा जागा कागदावर आपल्या मुलांसाठी असतात, प्रत्यक्षात नसतात, जोवर कारखाना बस किंवा राहायची सोय करत नाही. मुलींच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. कोअर शॉप, इन्स्पेक्शन, सीएनसी या कामांत मुली उत्तम टिकतात. त्यांना घ्यायला तयार असलेल्या कारखान्यात स्वच्छतागृह आहे का, पहिल्या शिफ्टची हमी आहे का, हे विचारूनच मी पालकांशी बोलायला जाते. पालकांना आत एकदा कारखाना दाखवला तर निम्मी हरकत तिथंच मिटते.

तोंडी मागणी निम्मी धरा

ज्या कारखान्याला खरोखर माणूस हवा आहे, तो काहीतरी द्यायला तयार असतो. कास्टिंग द्या, महिन्यातून दोन दुपारी तुमचा सेटर वर्गावर पाठवा, तोंडी परीक्षेला बसा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या निदेशकाला पंधरा दिवस तुमच्या शॉपमध्ये काम करू द्या, आणि पुढच्या वर्षी किती अ‍ॅप्रेंटिस घेणार ते लिहून द्या. यातलं काहीच मान्य होत नसेल तर त्या कारखान्याचा आकडा मी निम्म्यावर आणते.

अ‍ॅप्रेंटिसचं लिहून घेणं अवघड नाही, कारण कायदा आपल्या बाजूला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. छोट्या कारखानदारांना हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. पोर्टलवर नोंदणी करायला त्यांच्या अकाउंटंटला एक तास मदत करा, त्याचा उपयोग मोठमोठ्या मेळाव्यांहून जास्त होतो.

संस्था व्यवस्थापन समितीकडूनही याच गोष्टी मागा. २००७-०८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेत देशभरातल्या १३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि समितीचं अध्यक्षपद उद्योगाकडे गेलं. तुमची संस्था त्यात असेल तर बैठकीच्या विषयपत्रिकेवर यंत्रखरेदीच्या आधी एक विषय लावा: दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी. नवं मशीन घेण्यापेक्षा वर्षभराचे इन्सर्ट, वीस मायक्रोमीटर आणि बंद मशीनची दुरुस्ती यांनी मुलांचे हात जास्त लवकर तयार होतात. मशीनचं उद्‌घाटन होतं आणि इन्सर्टचं होत नाही, म्हणून हा विषय आपणच रेटावा लागतो.

पास झालेल्यांना वर्षानं विचारा

कॅम्पसमध्ये किती जणांना ऑर्डर मिळाली याचा फलक आपण लावतो. मला त्यापेक्षा एक वर्षानंतरची परिस्थिती महत्त्वाची वाटते. प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू ठेवा आणि अ‍ॅप्रेंटिसशिप संपताना व त्यानंतर वर्षानं प्रत्येकाला फोन करा. ग्रुपवर विचारलं तर फक्त चांगलं चाललेली मुलं उत्तर देतात, गप्प असलेल्यांना फोन करणं जास्त गरजेचं असतं. कुठं आहेस, हातात किती पडतात, कायम आहेस की ठेकेदाराकडे? तिथं गेल्यावर पुन्हा नव्यानं काय शिकावं लागलं? आपल्याकडे शिकलेलं काय कधीच लागलं नाही? सोडलंस तर का सोडलंस?

नोकरी सोडलेल्यांची उत्तरं वेगळी लिहा. एकाच कारखान्यातून मुलं सारखी बाहेर पडत असतील तर त्या कारखान्याला पुढच्या वर्षी मुलं देण्याआधी मालकाशी बोला. अनेकांनी एकच गोष्ट नव्यानं शिकावी लागल्याचं सांगितलं तर ती पुढच्या सत्रात दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात आणायची पहिली गोष्ट.

आमच्याकडे याचं वेळापत्रक असं बसलं आहे. दिवाळीनंतर कारखान्यांच्या फेऱ्या, कारण तेव्हा नव्या ऑर्डरी ठरलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तीन रकाने आणि वजाबाकी. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकांची यादी छापून, ज्या सुपरवायझरांशी बोललो त्यांच्याकडेच घेऊन जायची आणि हातात लाल पेन द्यायचं. ते खोडतात, बाणानं जागा बदलतात, कडेला लिहितात. एकानं मागच्या यादीवर 'जॉब पुसायला शिकवा' एवढंच लिहिलं होतं, कारण फिक्श्चरवर राहिलेल्या भुकटीमुळे त्याचे जॉब तिरके बसत होते. ते प्रात्यक्षिक आता आमच्याकडे पहिल्या आठवड्यात होतं.